पाच गोळ्यांवर रायफल घेऊ नका

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हाला कळेल. पॉइंट टू-टू रायफलच्या ५० मीटर प्रोनसाठी, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारासाठी, तुम्ही चार वर्षांत दोन स्वस्तातल्या रायफली वापरल्या. पहिली नवीकोरी, पण हलक्या बॅरलची, शिकारी घाटाची. दुसरी चार हातांतून फिरून तुमच्यापर्यंत आलेली. दोघींचं दुखणं एकच. एका रविवारी ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा घोळका, इतका बांधून येतो की घरी फोटो पाठवावासा वाटतो. पुढच्या रविवारी, त्याच मॅटवर, त्याच गोळीनं, दर आठ-दहा गोळ्यांमागे एक साडेआठ गुणांत जाऊन बसते. आता साठवलेल्या पैशांत एकदाच काय ती रायफल घ्यायची आहे. समोर दोन पर्याय आहेत: दुकानातली नवी, मधल्या किमतीची टार्गेट रायफल, किंवा कोथरूडच्या एका ज्येष्ठ नेमबाजांची जवळजवळ चाळीस वर्षांची आन्शुट्झ मॅच ५४ ही जर्मन टार्गेट रायफल.

माझं उत्तर: जुनी घ्या. पण तिनं माझ्या-तुमच्या डोळ्यांदेखत, दोन वेगवेगळ्या दिवशी, चाळीस-चाळीस गोळ्या मारून दाखवल्यावरच. ती त्यात नापास झाली तर नाव कितीही मोठं असलं तरी नाही म्हणायचं. हे मी इतकं ठासून का सांगतोय ते आता सविस्तर सांगतो.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. आपली गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतो, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडायला हवा. त्यापुढे दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश कमी होत जातो. तुमची ती साडेआठची गोळी मध्यापासून दोन सेंटिमीटरवर पडलेली असते. माणसाच्या हातून इतकी चूक होऊ शकते, नाही असं नाही. पण ट्रिगर सुटताना फोरसाईट, म्हणजे बॅरलच्या टोकावरची नेम धरायची खूण, कुठे होती हे तुम्हाला आता चार वर्षांनी कळतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की “गोळी चांगली सुटली असं वाटलं आणि स्क्रीनवर आठ दिसला.” हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ६०० पैकी ५९७ गुण घेतले होते. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. आपण त्या पातळीचे नसू, पण खेळ तोच आहे. साठात तीन-चार गोळ्या स्वतःच्या मर्जीनं बाहेर टाकणारी रायफल हातात असेल तर नेमबाज शिकतच नाही, कारण आपली चूक कोणती आणि रायफलची कोणती हे त्याला ओळखता येत नाही. स्वस्त रायफलचा मोठा तोटा मला हा वाटतो. गुण गेले तर पुढच्या वेळी मिळवता येतात. पण चुकीच्या गोळीवरून चुकीचा धडा घेऊन आपण चांगली चाललेली सवय मोडतो आणि ती परत बसवायला वर्ष जातं.

माझ्या बाबतीत हेच झालं. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये नोकरी करत असताना मी पहिली स्वतःची रायफल घेतली, परवडेल ती. पाच गोळ्या एका भोकात जायच्या, सहावी घड्याळातल्या नऊच्या दिशेला, डावीकडे लांब. मी दोन वर्षं स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) बदलली, कोपर सरकवलं, श्वास धरायची पद्धत बदलली. शेवटी एका शनिवारी रायफल टूलरूममध्ये नेली, स्टॉकच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, पुढच्या टोकावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावून काटा बॅरलला टेकवला आणि ॲक्शनचा, म्हणजे बॅरलमागच्या बोल्टच्या यंत्रणेचा, पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. काटा पाव मिलिमीटर हलला. म्हणजे स्क्रू आवळताना ॲक्शन स्टॉकमध्ये वाकून बसत होती, लाकडातली बैठक दबली होती आणि बॅरल तापलं की ताण बदलून गोळी दुसरीकडे जात होती. चांगल्या बेडिंगमध्ये, म्हणजे ॲक्शनची स्टॉकमधली बैठक चांगली असेल तर, हा काटा जेमतेम हलतो, ०.०५ मिलिमीटरच्या आत. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होतो, आणि दोष दोन स्क्रूंच्या मधल्या लाकडात होता.

म्हणून तुमच्या दोन्ही रायफली विकण्याआधी एक काम करा. रेंजवर तुमच्या तोडीचा कोणी नेमबाज गाठा आणि एका सकाळी अदलाबदल करा. तुम्ही त्याच्या रायफलनं वीस गोळ्या मारा, त्यानं तुमच्या रायफलनं. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) अंगाला बसणार नाहीत, गुण थोडे कमी येतील, ते सोडून द्या. बघायचं एवढंच की फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भटकणारी गोळी, कोणाबरोबर जातो. माणसाबरोबर गेला तर नवी रायफल घेऊन काहीच साधणार नाही, आधी पोझिशनवर काम करू. रायफलबरोबर गेला तर पुढचं वाचा.

आपल्या गोळीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण भरवशाचा निम्मा भाग तिच्यात आहे. पॉइंट टू-टू ही रिमफायर गोळी. पेटवणारा मसाला पितळी टोपणाच्या कडेत, रिममध्ये फिरवून भरलेला असतो. तो रिमभर अगदी सारखा पसरला तर प्रत्येक गोळी सारखी पेटते. मोठ्या बोअरचे लोक काडतूस स्वतः भरून हवी तशी गोळी बनवतात, आपल्याला ती सोय नाही. कारखान्यानं डब्यात जे दिलं तेच आपलं. शिसं ४० ग्रेनचं, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. मॅचची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगानं निघते, मुद्दामच आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे वाटेत तिला तो अडथळा ओलांडावा लागत नाही. या वेगानं ५० मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा वेळ लागतो आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. आता एखादी गोळी सेकंदाला १० मीटरनं मंद निघाली तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली पडते. वर मी सांगितलं की दहाची हद्द मध्यापासून ८ मिलिमीटर. तुमचा हात दगडासारखा स्थिर असला तरी एका मंद गोळीनं दहाचा नऊ होऊ शकतो. तुमचे फ्लायर बहुतेक सहाच्या दिशेला, सरळ खाली जात असतील तर पहिला संशय गोळीवर घ्या. दुसरा फायरिंग पिनच्या स्प्रिंगवर, कारण पिन कमजोर आपटली तरी पेट असमान होतो.

याच कारणानं मी म्हणतो की “ही रायफल अचूक आहे का” या प्रश्नाला एकटं असं उत्तर नसतं. कोणत्या गोळीच्या कोणत्या लॉटबरोबर, म्हणजे कारखान्यातल्या कोणत्या खेपेबरोबर, हे त्यात आलंच पाहिजे. ईली इंग्लंडची, लापुआ फिनलंडची, आरडब्ल्यूएस आणि एसके जर्मनीच्या. सगळ्यांचा माल चांगला, तरी एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये एकाच बॅरलमधून दिसण्याइतका फरक पडतो. ईलीच्या टेनेक्ससारख्या डब्यावर त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. आपल्याकडे काही जण तो आकडा बघून लॉट निवडतात. तो आकडा सरासरी सांगतो. गोळीगणिक वेग किती हलतो आणि तुमच्या चेंबरला (बॅरलमध्ये गोळी बसते त्या जागेला) तो लॉट मानवतो की नाही, हे टार्गेटवरच कळतं. माझ्याकडची रायफल वरच्या किमतीच्या एका लॉटनं सरासरी ग्रुप देते आणि त्याच्या निम्म्या किमतीच्या एका लॉटनं त्याहून घट्ट. हे मी आधी सांगू शकलो नसतो. मारून बघावं लागलं.

आता दुकानातल्या नव्या रायफलबद्दल. मी तिला नावं ठेवणार नाही. आन्शुट्झची ६४ ॲक्शन किंवा सीझेडची ४५७ एमटीआर या वर्गातल्या रायफली प्रामाणिक आहेत, एमटीआरला तर मॅच चेंबर मिळतं. मॅच चेंबर म्हणजे बोल्ट बंद करताना गोळीचं शिसं रायफलिंगमध्ये, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत, किंचित रुततं आणि प्रत्येक गोळी एकाच जागी, सरळ बसून निघते. तुमच्या पहिल्या रायफलचं चेंबर सैल आहे. शिकारीच्या रायफलला तसंच लागतं, कसलीही गोळी पटकन आत जायला हवी. टार्गेटवर मात्र गोळी रायफलिंगमध्ये शिरण्याआधी किंचित वाकडी होते आणि त्याचे पैसे तुम्ही मोजता.

तरीही तुमच्यासाठी मी नवी सुचवत नाही, कारण तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आहात. मधल्या किमतीत बॅरल बऱ्यापैकी मिळतं, पण बाकीचं हळूहळू विकत घ्यावं लागतं. चांगला डायऑप्टर (मागची, बारीक भोकाची साईट) वेगळा, हँडस्टॉप (पुढचा हात अडकवायचा टेकू) वेगळा, हवी तशी फिरणारी बट प्लेट वेगळी, आणि ट्रिगर बदलायचा म्हटलं की किंमत जुन्या मॅच रायफलच्या शेजारी जाऊन बसते. जुन्या मॅच ५४ बरोबर हे सगळं बहुतेक वेळा पेटीतच येतं. टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत दाबायचा, ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास लावता येतो आणि तिथेच राहतो. ५४ ची ॲक्शन १९५४ सालापासूनची. रचना मूळची तीच असल्यानं सुटे भाग मिळतात आणि तिला हात लावलेले लोकही मिळतात. वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊची जुनी मॅच रायफल समोर आली असती तरी मी हेच म्हटलं असतं. वय बघून घाबरू नका. शिशाची, वंगण लावलेली गोळी बॅरल फार हळू झिजवते. गोळ्यांच्या मोजणीपेक्षा बॅरलचा जास्त नाश गंजानं आणि चुकीच्या साफसफाईनं होतो.

पण जुनी म्हणजे डोळे झाकून नाही. माझी दुसरी रायफल जुनीच होती, मोठ्या नावाची. मी नाव आणि पाच गोळ्यांचा एक सुंदर कागद बघून घेतली. घरी आल्यावर कळलं की चेंबरच्या लगेच पुढे, तळाच्या बाजूला, सहा वाजायच्या जागी बॅरल खरवडल्यासारखं झालंय. रिमफायरच्या मसाल्यात काचेची बारीक पूड असते, ती वर्षानुवर्षं तिथे घासते. विकणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही बहुधा माहीत नव्हतं. मी बघितलं नाही, हे खरं. आता बॅरलच्या आत बघायचे बोअरस्कोप स्वस्त झालेत, मोबाइलला लागतात, माझ्याकडे आहे. कोथरूडच्या रायफलमध्ये आपण आधी तीच जागा बघू. तिथे काळं, कडक कडं दिसलं तर लगेच निराश होऊ नका. ते बऱ्याचदा जळलेल्या मसाल्याचं कार्बन असतं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची रायफल “बॅरल संपलं” म्हणून विकायला काढली होती. चेंबरपुढचं ते कडं रसायनात भिजवून, नायलॉनच्या ब्रशनं दोन संध्याकाळी काढलं, नंतर वीस-पंचवीस गोळ्या मारून बॅरल परत वंगणावर आणलं, आणि ग्रुप जागेवर आला. ती मुलगी अजून त्याच रायफलवर आहे.

मझल, म्हणजे बॅरलचं पुढचं तोंड, बघताना कापसाची काडी घ्या आणि क्राऊनच्या, म्हणजे त्या तोंडाच्या कापाच्या, आतल्या कडेवरून हलकेच फिरवा. धागा अडकला तिथे बारीक खोक आहे. मझलकडून सळई घालून साफ करायची सवय असलेल्यांच्या रायफलींना हे हमखास होतं. गोळी बॅरल सोडते ती शेवटची जागा, तिथली एक बाजू दुखावलेली असेल तर मागचा वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. क्राऊन नव्यानं कापता येतो, काम मोठं नाही, पण किमतीत धरायला हवं.

पुढे साधी तपासणी. रिकामी, बोल्ट काढलेली रायफल घेऊन कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकमधून ॲक्शनपर्यंत सरकवून बघा, कुठे अडते का. स्क्रू आवळलेले असताना आणि सैल करतानाचा फरक मी डायलवर बघेन. मारलेल्या चार-पाच टोपणांच्या रिमवरचा पिनचा ठसा शेजारी शेजारी ठेवून बघा, खोली आणि जागा सारखी हवी. डायऑप्टरसाठी एक चौकोन मारू: दोन गोळ्या मध्ये, मग दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, प्रत्येक ठिकाणी दोन. शेवटच्या दोन पहिल्या दोघींच्या शेजारी आल्या पाहिजेत. नाही आल्या तर डायऑप्टरच्या आट्या झिजल्यात. चांगल्या बॅरलवर झिजलेला डायऑप्टर बसवून लोक वर्षानुवर्षं बॅरलला दोष देतात. तुमच्या दुसऱ्या रायफलचंही एकदा हे करून बघा.

आता मुख्य परीक्षा. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही आणि त्याचं कारण गणिती आहे. त्याच रायफलचे, त्याच गोळीचे दहा-दहाचे ग्रुप पाच-पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरीनं जवळजवळ पावपट मोठे येतात. पाचचे दहा कागद मारले तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगानं सुंदर येतो, आणि विकणारा माणूस नेमका तोच जपून ठेवतो. म्हणून दहा-दहाचे चार ग्रुप, मधे साईट न हलवता, मधे बॅरल साफ न करता. त्याआधी दहा गोळ्या साईटर म्हणून, बॅरल वंगणावर येईपर्यंत. त्या मोजायच्या नाहीत. रायफल वाळूच्या पिशव्यांवर, पुढची पिशवी दरवेळी स्टॉकच्या एकाच जागी. बालेवाडीच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक गोळीची जागा कळते, ती लिहून घेऊन चारही ग्रुप एकावर एक ठेवू. चांगली मॅच रायफल, मानवलेला लॉट आणि शांत हवा असेल तर दहा गोळ्यांत सगळ्यात लांबच्या दोन गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर १५ मिलिमीटरच्या आतबाहेर राहावं, ही माझी पट्टी. त्याहून महत्त्वाचं, चारही ग्रुपचे मध्य एकाच ठिकाणी हवेत. एक १२ चा आणि एक २५ चा देणाऱ्या रायफलपेक्षा चारही वेळा १६ देणारी रायफल मी डोळे मिटून घेईन. तुम्हाला हवा असलेला भरवसा म्हणजे हाच, आणि तो पहिल्या कागदावर कधीच दिसत नाही.

वेळ सकाळची, ऊन वर येण्याआधीची. सेकंदाला दोन मीटरचा आडवा वारा, गालाला जेमतेम जाणवणारा, आपल्या गोळीला ५० मीटरवर एक सेंटिमीटरहून थोडा जास्तच सरकवतो. म्हणजे दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यात केलेली परीक्षा रायफलची नसते, वाऱ्याची असते. पावसाळ्यात तर परीक्षा घेऊच नका. शिवाय लाकडी स्टॉकला आपला एप्रिल आणि आपला जुलै हे दोन वेगळे देश वाटतात. माझ्या लाकडी स्टॉकचे स्क्रू मी दरवर्षी जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये टॉर्क रेंचनं तपासतो, दरवेळी ५ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजानं आवळलेला स्क्रू दोन दिवशी सारखा कधीच नसतो. जपून ठेवायच्या पेटीत सिलिका जेल ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ते तव्यावर गरम करून परत वापरा.

दुसऱ्या दिवशीची परीक्षा वेगळी. पहिल्या दिवशीनंतर मालकांच्या समोर रायफल स्टॉकमधून काढायची, पुसून परत बसवायची, त्याच टॉर्कला स्क्रू लावायचे. पुढच्या सकाळी त्याच लॉटच्या चाळीस गोळ्या, साईट अजिबात न हलवता. ग्रुप तितकाच आला आणि मध्यही चार-पाच मिलिमीटरच्या आत राहिला तर बेडिंग खरं. तुमच्या दोन्ही रायफली इथे नापास झाल्या असत्या असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. “एका रविवारी चांगली, दुसऱ्या रविवारी वाईट” याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

गोळ्यांचं असं करा. परीक्षेला एकच लॉट वापरायचा, तुमच्याकडे सध्या असलेला चालेल, फक्त मॅच दर्जाचा हवा. रायफल पास झाली की मग तीन-चार वेगवेगळ्या लॉटचे एकेक डबे मिळवू, क्लबात विचारलं तर लोक अदलाबदल करतात. जो लॉट तुमच्या बॅरलला मानवेल त्याचाच परवान्यावरच्या कोट्यात बसेल तेवढा साठा एकदम घ्या. लॉट नंबर वहीत लिहा. एप्रिल-मेमध्ये डबे गाडीत ठेवू नका, वंगण मऊ होऊन पसरतं. रायफलवर शेवटचे पैसे खर्च करून वर्षभर मिळेल ती गोळी मारणारे मी पाहिलेत. त्यापेक्षा रायफलवर थोडे कमी आणि लॉटवर थोडे जास्त, असं वाटप ठेवा.

रायफल अंगाला बसवण्याबद्दल इथे फार लिहीत नाही, तो समोरासमोर करायचा विषय आहे. एवढंच की कोथरूडचे काका तुमच्यापेक्षा बरेच उंच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या महिन्यात बट प्लेट आत घ्यावी लागेल, चीकपीस बदलेल, हँडस्टॉप मागे येईल. त्या काळात गुण कमी आले तर रायफलवर राग काढू नका. परीक्षेत ती पास झालेली असेल, हे त्या वेळी तुमच्या हातात असलेलं सगळ्यात उपयोगी कागदपत्र. दर वेळी काय हलवलं ते मिलिमीटरमध्ये लिहा आणि एका दिवशी एकच गोष्ट हलवा.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण घाई केली तर तुम्ही आणि काका दोघंही अडचणीत याल. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे स्वतःच्या वापराचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर ४५ दिवस पूर्ण झाल्याशिवाय शस्त्र हाती द्यायचं नाही. तुमच्या परवान्यावर या रायफलला जागा आहे का ते आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधीच विचारा. तुमची जुनी विकायचीही हीच रीत. काकांनी ती खेळाडूच्या सवलतीत आयात केलेली असेल तर त्या परवानगीतल्या विक्रीच्या अटी कागदावर बघा, तोंडी आश्वासनावर थांबू नका. परीक्षेसाठी रायफल रेंजवर काकांनीच आणायची, ते सगळा वेळ हजर राहतील, आणि रेंज अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

त्यांना माझ्या वतीनं एक विचारा: कारखान्यातून रायफलबरोबर आलेला टेस्ट टार्गेटचा कागद त्यांच्याकडे अजून आहे का. असला तर घेऊन या. पहिल्या दिवशीची सुरुवात आपण त्या कागदाशी तुलना करूनच करू. वाळूच्या पिशव्या, बोअरस्कोप, डायल आणि टॉर्क रेंच मी आणतो. तुम्ही एकाच लॉटचे दोन डबे आणा, म्हणजे दोन दिवसांच्या साईटर आणि ग्रुप मिळून पुरेल. सकाळी सव्वासहाला फाटकाशी भेटू. पहिली गोळी वारा सुटायच्या आधी गेली पाहिजे.